हात लावू नका, नासेल

आमच्या घरात बिअर मी बनवते. हे वाक्य मी जिथे जिथे बोलले आहे, तिथे लोकांनी आधी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आहे, म्हणजे यातला विनोद तो समजावून सांगेल म्हणून. त्यात समजावण्यासारखं काही नाही. मी बनवते, तो पितो. पोळ्यांचंही आमच्याकडे तसंच आहे आणि त्याबद्दल आजवर कोणाला आश्चर्य वाटलेलं नाही.

मी मूळची नागपूरची, शिक्षणाने मायक्रोबायॉलॉजीची. लग्न झालं आणि नवऱ्याच्या व्हिसाला चिकटून फ्रीमाँटला आले. त्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. ती मिळाली तोपर्यंत मध्ये इतकी वर्षं गेली होती की लॅबमध्ये कोणी उभं केलं नसतं. मग इथल्या बऱ्याच जणींनी केला तसा मीही सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला. तेव्हापासून दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचं काम करते. ते माझ्या स्वभावाला मानवतं, असं घरच्यांचं मत आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ओळीतले एक गृहस्थ घर सोडून दुसऱ्या राज्यात गेले. जाताना त्यांनी ड्राइव्हवेत एक खोका ठेवला, हवं त्याने न्यावं म्हणून. त्यात चार लिटरची काचेची बरणी, रबरी नळी, प्लास्टिकचा छोटा एअरलॉक आणि घरी बिअर कशी करावी याचं डाग पडलेलं पुस्तक होतं. मला बिअरशी काही देणंघेणं नव्हतं. मी बरणी उचलली ती डाळ ठेवायला. पण संध्याकाळी पुस्तक चाळताना यीस्टवरचं प्रकरण लागलं आणि मी उभ्या उभ्या ते संपवलं. पुढच्या शनिवारी पाकिटातलं यीस्ट कोमट पाण्यात फुगताना पाहिलं, तो ओलसर, पिठूळ वास आला आणि मला कॉलेजची लॅब आठवली. रडूच आलं. एरवी मी रडणाऱ्यांतली नाही.

तेव्हापासून दर दीड-दोन महिन्यांनी एक घाणा काढते. थोडीच करते, नऊ बाटल्यांची. आणि करते ती हॉप्सवाली, कडवट, खूप वासाची. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. ती वाळवून, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या मिळतात. उकळताना सुरुवातीला घातल्या तर कडूपणा उतरतो, शेवटी घातल्या तर वास. आणि बिअर आंबत आली की आणखी मूठभर थंडच घालायच्या. त्याने जो वास येतो, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

गेल्या जूनमध्ये सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी. सांगलीच्या घरी त्या आता एकट्याच असतात. आल्या त्या नेहमीप्रमाणे बॅगेत लोणच्याची बरणी घेऊन. बरणीभोवती चार प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर जुनं लुगडं, त्यावर माझ्या नवऱ्याचा लहानपणचा स्वेटर. बरणी टेबलावर आली, नवऱ्याने लगेच बोटाने चाखून पाहिलं. मी शेल्फमध्ये जागा करून दिली आणि बरणी त्याला ठेवायला लावली.

या लोणच्याबद्दल सांगायला हवं. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी सांगलीला होते. स्वयंपाकघरात लोणच्याचा घाट घातलेला. आत्या, काकू, शेजारच्या वहिनी, अडकित्त्याचा टकटक आवाज, मोहरीचा नाकात जाणारा वास. माझा पाळीचा तिसरा दिवस होता, म्हणून मला दाराजवळ पाटावर बसवलं होतं. माझ्या माहेरी हे काहीच नव्हतं, तरी मी बसले. नवी होते. भरलेल्या बरणीच्या तोंडावर बांधलेलं फडकं, त्याला तिथे दादरा म्हणतात, ते एका बाजूने सुटलं. मी सहज उठले आणि ते नीट करायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस, नासेल," सासूबाई म्हणाल्या.

ओरडून नाही. दूध उतू जातंय असं सांगावं तशा आवाजात. अडकित्ता थांबला, सगळ्या जणींनी माझ्याकडे पाहिलं आणि मग काम पुढे सुरू झालं. लोणचं कशाने नासतं हे त्या खोलीत सगळ्यात जास्त मला माहीत होतं. ओला चमचा, कमी मीठ, तेलाच्या वर राहिलेली फोड. परीक्षेत त्यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. पण मी परत पाटावर जाऊन बसले. नंतर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे ना, तिचा स्वभावच तसा आहे.

मी जाऊ दिलं नाही. त्या दिवसापासून मी त्या घरच्या लोणच्याला हात लावलेला नाही. वाढायला नाही, खायला नाही, बरणी उचलायलाही नाही. बावीस वर्षं. आणि गंमत अशी की कोणाच्या ते लक्षातच आलं नाही. हिला लोणचं आवडत नाही, असं सासरी परस्पर ठरून गेलं. इतका नेटाने धरलेला राग कोणाला दिसूही नये, याचाही मला वेगळा राग होता.

तर सासूबाई आल्या आणि पुढच्याच शनिवारी माझा घाणा होता. नवऱ्याचं म्हणणं पडलं की आईला कशाला सांगतेस, कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला चहा, आहे म्हण. मी त्यांना सकाळच्या चहालाच सांगितलं की आज मी बिअर करणार आहे. त्यांनी बशीतला चहा संपवला. मग विचारलं, की ती पिऊन घरात गोंधळ घालतं का कोणी. मी म्हटलं, नाही, तुमचा मुलगा एक ग्लास पितो आणि सोफ्यावर झोपतो. मग माझं काही म्हणणं नाही, असं सांगून त्या आंघोळीला गेल्या.

पण परत आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. भरडलेलं धान्य मुठीत घेऊन वास घेतला आणि हे तर सातू, असं म्हणाल्या. सातूच होतं, मोड आणून वाळवलेलं. ते तासभर गरम पाण्यात ठेवायचं आणि मग गाळायचं. माझी गाळणी पाहून त्यांनी मान हलवली आणि चक्का बांधायचं सुती फडकं काढून दिलं. पाणी खरंच जास्त स्वच्छ निघालं. चोथा मी फेकणार होते, तो त्यांनी काढून घेतला आणि संध्याकाळी त्याची थालीपिठं लावली. टरफलं दातांत येत होती, तरी नवऱ्याने तीन खाल्ली.

मग उकळी. ही उकळी फार फसवी असते, क्षणात फेस वर चढतो आणि शेगडी चिकट होऊन बसते. पहिल्या वर्षभरात माझं दर वेळी उतू गेलं होतं. या वेळी नाही गेलं, कारण सासूबाई डाव घेऊन बाजूला उभ्या होत्या. आयुष्यभर दुधावर पहारा दिलेली बाई, फेसाला काठापर्यंतही येऊ देत नव्हती. मी हॉप्स घातल्या तशा त्या वाकल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, कैरीचा देठ मोडल्यावर चीक येतो ना, त्याचा वास आहे हा. मी दहा वेळा तो वास घेतला होता आणि दर वेळी काहीतरी ओळखीचं, काहीतरी ओळखीचं, असं करत राहिले होते. त्यांनी एका श्वासात नाव सांगितलं. मला कौतुकही वाटलं आणि थोडा हेवाही.

उकळलेलं पाणी बर्फात थंड झालं की मात्र माझे नियम कडक असतात. त्यानंतर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू जंतुनाशकात बुडवलेली हवी. बरणी, नरसाळं, नळी, माझे हात. मी त्यांना दोन हात लांब उभं केलं आणि कशाला शिवायचं नाही ते सांगितलं.

त्या हसल्या. "म्हणजे सोवळंच की गं हे."

"सोवळंच," मी म्हटलं. "फक्त यात बायकांना पाटावर बसवत नाहीत."

त्यांनी डाव धुऊन जागेवर ठेवला.

यीस्ट घालून बरणी मुलीच्या खोलीतल्या क्लॉझेटमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कपाटात ठेवली. ती कॉलेजला गेल्यापासून ती खोली रिकामी असते आणि घरातली सगळ्यात थंड जागा तीच आहे. दुसऱ्या दिवसापासून एअरलॉकमधून बुडबुडे यायला लागले. एअरलॉक म्हणजे बुचात खोचलेली पाण्याची इवलीशी डबी. आतला वायू पाण्यातून बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. सासूबाई सकाळचं फिरणं झालं की तिथे जाऊन खुर्ची टाकून बसायच्या. पार्कमध्ये त्यांच्यासारख्याच, साडीवर स्नीकर्स घातलेल्या चार-पाच जणी भेटायच्या. त्यांना त्या रोज बुडबुड्यांचा वेग सांगत होत्या, असं मला मागाहून कळलं. मुलीलाही फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आजी, दॅट्स सो कूल." आमच्या तिघींच्या वाट्याला एकच विषय यावा, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

नवव्या दिवशी, रविवारी, शेवटच्या हॉप्स घालायच्या होत्या. मी बरणी ओट्यावर आणली, हात धुतले, बूच काढलं, आणि नेमकी दारावरची बेल वाजली. सही करून घ्यायचं पार्सल होतं. माणूस पेन शोधत बसला. मी परत आले तर सासूबाई उघड्या बरणीवर वाकल्या होत्या. आतून काचेला वाळलेल्या फेसाचं कडं चिकटलं होतं, ते पुसायला त्यांचं बोट बरणीच्या तोंडाशी पोहोचलं होतं.

"हात लावू नका, नासेल."

मी ओरडले नाही. आवाजही अगदी तोच निघाला, जसा काही तो बावीस वर्षं माझ्याकडे ठेवायला दिला होता.

त्यांचा हात जिथे होता तिथेच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला, पदराला पुसला आणि त्या त्यांच्या खोलीत गेल्या. दार लोटल्याचा आवाजही आला नाही.

खोटं कशाला सांगू, मला पहिल्यांदा बरं वाटलं.  मी बूच लावलं, बरणी परत क्लॉझेटमध्ये ठेवली, हॉप्सचं पाकीट फ्रीजमध्ये. त्या दिवशी पुढे काही करावंसंच वाटेना. जेवताना त्या नेहमीसारख्या बोलल्या, मुलाला आणखी भात वाढला. पण स्वतः लोणचं घेतलं नाही, आणि ते माझ्याशिवाय कोणाला दिसलं नाही. तेव्हा मला कळलं की माझं बरं वाटणं संपलं आहे. शहात्तर वर्षांच्या बाईला आपण पाटावर बसवलं, एवढंच काय ते उरलं होतं. रागाची मला सवय होती, लाजेची नव्हती.

सकाळी नवरा ऑफिसला गेल्यावर त्या आल्या. मी लॅपटॉप उघडून मीटिंगची वाट पाहत होते. समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि नासलं तर नाही ना, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही आई, बोट लागलंच नव्हतं. आणि काल मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं.

"ते लोणचं नासलं होतं," त्या म्हणाल्या.

मला आधी कळेना कुठलं.

"त्या वर्षीचं. तुम्ही इकडे आलात आणि श्रावणात मी दादरा सोडला, तर वर सगळी बुरशी. परसात खड्डा केला आणि पुरलं. कोणाला सांगितलं नाही."

मी विचारलं, का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तर सगळ्यांनी तुझंच नाव घेतलं असतं. घरभर बायकांनी ऐकलं होतं ना मी काय बोलले ते. आणि तू तर हातही लावला नव्हतास." मग म्हणाल्या, "मी लावला होता. माझाच हात ओला असणार."

मग त्यांनी हेही सांगितलं की त्या दिवाळीला आम्हाला फ्रीमाँटला कोणाबरोबर तरी जे लोणचं पाठवलं, ते शेजारच्या वहिनींच्या बरणीतलं होतं. मला ते लोणचं चांगलं आठवत होतं. नवरा ते खाताना आईच्या हाताची चव, आईच्या हाताची चव, असं म्हणत बसला होता आणि मी दुसरीकडे पाहत होते.

मला हसू यायला हवं होतं. आला राग. इतकी वर्षं लागतात का हे सांगायला, असं मी बोलून गेले. त्यांनी मान खाली घातली. मला वाटायचं तू विसरली असशील, त्या म्हणाल्या, आणि तू विसरली नाहीस हे कळलं की मग धीरच व्हायचा नाही. माफी वगैरे शब्द त्यांनी वापरला नाही, मीही मागितला नाही. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली होती. मी माझा कॅमेरा बंद केला आणि सांगितलं की पंधरा मिनिटांनी येते.

मग मी म्हटलं, चला, त्या हॉप्स घालायच्या राहिल्यात. तुम्ही घाला.

त्या आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून आल्या. मी त्यांचे हात कोपरापर्यंत जंतुनाशकाने ओले केले, बांगड्या वर सरकवून त्यांच्याखालीही. बूच काढलं. त्यांनी हिरव्या गोळ्या एक एक करून आत सोडल्या, अगदी तुळशीची पानं वाहावीत तशा. इतकं सावकाश करायचं नसतं, बरणी तेवढा वेळ उघडी राहते, पण मी बूच हातात धरून उभी राहिले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघींनी मिळून बिअर नळीने बाटल्यांत भरली. प्रत्येकीत चिमूटभर साखर, वर पत्र्याचं झाकण, आणि आणखी दोन आठवडे थांबायचं. पिणाऱ्याने कॅलेंडरवर तारखेभोवती गोल काढून ठेवला.

त्या तारखेच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी सकाळी मी एक बाटली फोडून पाहिली. नेहमीच पाहते. वास आला तो शिळ्या व्हिनेगरचा. मी दुसरी फोडली, तिसरी फोडली. रंगही मातकट झालेला. नऊच्या नऊ नासल्या होत्या.

चुका काढणं हे माझं कामच आहे. ती नळी मी उजेडात धरली. आत बारीक ओरखडे आणि त्यात पांढरट थर. तीन वर्षं एकच नळी वापरली, बदलायचा आळस केला. शंभर टक्के चूक माझी होती. पण हे मी कोणाला पटवून देणार होते? नवरा हसत हसत का होईना, म्हणाला असता की आईने गोळ्या टाकल्या ना, मग होणारच. आणि तो नसता बोलला तरी सासूबाईंच्या मनातून ते कोणी काढलं असतं? मी कितीही ओरखडे दाखवले असते तरी त्यांनी आपल्या हाताकडेच पाहिलं असतं.

त्या फिरायला गेल्या होत्या. मी नऊही बाटल्या सिंकमध्ये ओतल्या, नळ सोडून वास जाईपर्यंत उभी राहिले, बाटल्या धुऊन जाळीत उलट्या ठेवल्या. नळी कचऱ्यात टाकली. मग दुकानात जाऊन त्याच प्रकारच्या बिअरचे कॅन आणले आणि गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये भाज्यांच्या मागे लपवले.

रविवारी थालीपिठं होती. मी गॅरेजमध्येच ग्लास भरले आणि टेबलावर आणले. नवऱ्याने एक मोठा घोट घेतला, डोळे मिटले.

"काय झालीय यार," तो म्हणाला. "अगदी दुकानातल्यासारखी."

मी थँक यू म्हटलं.

सासूबाई पीत नाहीत. पण त्यांनी माझा ग्लास पुढे ओढला आणि वाकून वास घेतला. एकदा, मग पुन्हा. त्या बिअरला कैरीच्या चिकाचा वास नव्हता, हे मला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जाळीत उलट्या ठेवलेल्या बाटल्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहत होत्या असं मला वाटलं, तेवढा तो नसेलही. मी पुढच्या थालीपिठाचं पीठ थापायला घेतलं.

"चांगली झालीय हो," त्या मुलाला म्हणाल्या.

मग त्या उठल्या, शेल्फवरून लोणच्याची बरणी काढली, झाकण उघडून माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. मी चमचा शोधायला लागले, कोरडा.

"चमचा राहू दे," त्या म्हणाल्या. "हाताने घे."

माझे हात पिठाने भरलेले होते, ओले होते. मी ते दाखवले. त्यांनी बरणी आणखी थोडी माझ्याकडे सरकवली. मी हात घातला आणि एक फोड काढली.